आठ बाय पंचवीस

या महिन्यात भिशी माझी लागली.
साडेतीन हजार.
घरी सांगितलं, मिक्सरचं बघते,
आणि लंच टाइमला कोर्टाच्या मागच्या दाराने निघून
प्रिन्सेस स्ट्रीट गाठली.

ताहेरभाईंच्या दुकानात चष्मे, होकायंत्रं,
एक पितळी दुर्बीण, जी विकायची नाहीच म्हणे,
आणि काचेखाली हिरव्या मखमलीवर
सहा छोट्या दुर्बिणी,
वळचणीला पारवे बसावेत तशा, अंग चोरून.

"दहा पॉवर घ्या मॅडम, दूरचं जवळ येईल."
येतं, खोटं नाही.
पण फुटपाथवर उभं राहून समोरची पाटी पाहिली
तर 'घड्याळे दुरुस्त करून मिळतील' मधला घ
थडथड उडत होता.
सव्वीस वर्षं टायपिंग केलंय.
बोटं आता विचारल्याशिवाय काहीतरी टाइप करत असतात.
थरथरही दहापट होते,
हे डब्यावर लिहीत नाहीत.

लाल भिंगांची एक होती,
लग्नातल्या फेट्यासारखी मिरवणारी.
तिच्यातून घार पाहिली. शेवाळ धरलेली दिसली.
ठेवून दिली.

मग आठ बाय एकवीस.
पाव किलो गवारीहून हलकी, मुठीत मावेल अशी.
पण पोटमाळ्याखाली धरली तर नुसता अंधार.
एवढ्याशा दारातून सकाळी सहाचा उजेड
येऊन येऊन किती येणार?
आणि माझे पक्षी सहालाच.
नंतर डबे भरायचे असतात.

आठ म्हणजे किती मोठं दिसेल,
पंचवीस म्हणजे दार किती रुंद.
हे मला शिवडीला निमकर सरांनी सांगितलेलं,
चिखलाकडे बघत,
माझ्याकडे एकदाही न बघता.

आठ बाय पंचवीस डोळ्याला लावली.
चष्म्यामुळे आधी दिसल्या त्या दोन काळ्या कोरी,
कडेने आत घुसणाऱ्या.
रबरी कडा खाली दुमडल्या, मोजे दुमडतो तशा,
आणि कोरी मावळल्या.

उजव्या डोळ्याला वेगळी कडी असते.
दिवाळीनंतर मोतीबिंदू काढला तो हाच.
डावा अजून जुन्या, पिवळट दिवसांत आहे.
दोघांचं पटत नाही.
आधी डावा: मधलं चाक.
मग उजवा: त्याची कडी, केसभर.
आमच्या घरात इतकं वेगवेगळं
कुणी कुणाला विचारत नाही.

"बेचाळीसशे."
"तुम्ही कधी पाहिलंत हिच्यातून?"
"चाळीस वर्षं विकतोय. रेसवाले नेतात, बोटीवाले नेतात."
मी दुर्बीण त्यांच्या हातात दिली.
त्या पिंपळावर, वाळक्या फांदीच्या टोकाला,
चिमणीहून जरासा मोठा, हिरवा, कपाळ लाल,
टुक टुक करतोय ना, तो तांबट.
ते बघत राहिले. बराच वेळ.
गिऱ्हाईक खोळंबलं. मला वाटलं, लागला नाद.
"गोदामाच्या गच्चीवर आमचा हातिम," ते म्हणाले,
"सिगरेट ओढतोय.
आईला सांगतो, सोडली."
पुन्हा डोळ्याला लावली.
"पाकीट पण दिसतं."

शेवटी सदतीसशे.
वरचे दोनशे पर्सच्या दळणाच्या कप्प्यातून.
पट्टा फुकट, कारण एका टोकाला उसवलेला.

शनिवारी शिवडी. ओहोटी.
सगळे लांबच्या गुलाबी रोहितांवर
हातभर नळ्या रोखून उभे.
माझ्या दारातून तितक्या लांबचं जमत नाही.
वीस पावलांवर, तेलकट चिखलात,
गंजक्या नांगराच्या साखळीवर
एक तुतवार.
डोळ्याभोवती बारीक पांढरी रेघ,
चोचीवर कालचा की आजचा चिखल.
डावा. मग उजवा, केसभर.
तो थांबला.
शेपटी थांबली नाही.

मिक्सरचं सोमवारी बघते.